वारकरी घरातल्या विद्यार्थ्याने बायबल कसे वाचावे?

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याचा आहे. घर माळकरी, आजोबा दरवर्षी आषाढीला पंढरपूरला जाणारे. एम.ए. मराठीच्या अभ्यासात बाबा पदमनजी, ना. वा. टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई हे मराठी ख्रिस्ती लेखक आले आहेत. वर्गात सर सांगतात, "बायबल फक्त साहित्य म्हणून वाच, श्रद्धा बाजूला ठेव." घरी आजोबा विचारतात, "आपली पुराणं वाचून झाली काय सगळी?" या दोघांच्या मध्ये उभा राहून तो विचारतो की बायबलातल्या कथांनी मराठी साहित्यावर आणि माणसांच्या विश्वासावर खरोखर काही परिणाम केला आहे का, आणि तो समजून घ्यायचा तर बायबल किती आणि कसे वाचावे.

मी बेळगावचा मराठी ख्रिस्ती. सगळी नोकरी कॉलेजात मराठी शिकवण्यात झाली. समोर बसलेली बहुतेक मुले येळ्ळूर, कडोली, उचगाव, बेळगुंदी अशा गावांतली, हरिपाठ ऐकत वाढलेली. त्यांना ज्ञानेश्वरी शिकवणारा मी मात्र रविवारी चर्चमध्ये उपासना संगीतातली गीते म्हणणारा. त्यामुळे तुमचा प्रश्न मला उलट्या बाजूने चांगलाच ओळखीचा आहे. ज्याच्या घरात विठ्ठलाची पूजा होत नाही त्याने विठ्ठलाचे अभंग कसे शिकवावेत, हा विचार मला पहिल्या तासापासून करावा लागला. त्यातून जे हाती आले तेच सांगतो.

तुमचा खरा प्रश्न बायबल वाचावे की नाही, हा नाही. दुसऱ्याचा पवित्र ग्रंथ उघडताना आपल्या श्रद्धेचे काय करायचे, हा आहे. सरांच्या सल्ल्यात एक गोष्ट बरोबर आहे: वाचकाने ख्रिस्ती असण्याची किंवा होण्याची अट नाही. पण "श्रद्धा बाजूला ठेव" हे प्रत्यक्षात जमत नाही, आणि जमले तरी उपयोगाचे नाही. या कथा मानणाऱ्या माणसांनी मानणाऱ्या माणसांसाठी सांगितल्या. देवापुढे उभे राहणे म्हणजे काय, नवस म्हणजे काय, रुसून देवाला बोल लावणे म्हणजे काय, हे तुम्हाला घरातून माहीत आहे. ती जाण बाहेर ठेवून वाचलेत तर हातात फक्त कथानक उरेल. म्हणून माझे सांगणे सरांच्या उलट आहे. श्रद्धा बरोबर घेऊन बसा. बायबलातली कथा वाचताना तिच्या शेजारी तुमच्या घरातली कथा ठेवा, आणि दोन्ही कुठे सारख्या आहेत ते पाहून थांबू नका. त्या कुठे फुटून वेगळ्या होतात, तिथपर्यंत जा.

किती वाचायचे, हे मात्र तुमच्या परिस्थितीवर आहे. परीक्षेपुरते हवे असेल तर चार-सहा प्रकरणांत भागते. प्रबंध करायचा असेल तर नवा करार, म्हणजे बायबलाचा येशूपासून पुढचा भाग, पूर्ण आणि जुन्या करारातली काही पुस्तके लागतील. घरात वातावरण तापलेले असेल तर आधी ग्रंथालयात वाचा. घरच्यांना दुखवून वाचलेले नीट वाचूनही होत नाही.

आता उदाहरण. बायबलाच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीच्या २२व्या अध्यायात, देव अब्राहामाला म्हातारपणी झालेला मुलगा इसहाक होमार्पण करायला सांगतो. तीन दिवसांची वाट. बाप विस्तव आणि सुरी घेऊन, मुलगा स्वतःच्याच चितेची लाकडे पाठीवर घेऊन. मुलगा एकच प्रश्न विचारतो: विस्तव आहे, लाकडे आहेत, पण कोकरू कुठे आहे? बाप म्हणतो, देव पाहून देईल. वेदी रचली जाते, मुलगा बांधला जातो, सुरी उचलली जाते, आणि देवदूत हाक मारून हात थांबवतो. झुडपात शिंगे अडकलेला एक एडका सापडतो.

हे वाचताना आपल्याकडच्या माणसाला चिलया बाळ आठवणारच. श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी श्रियाळषष्ठी येते. शिवलीलामृत वाचणाऱ्या घरांत ही कथा लहान मुलांनाही पाठ असते. आमच्या सीमाभागात तर ती दोन्ही भाषांत ऐकू येते. मराठी आजी श्रियाळ-चांगुणा सांगते, आणि लिंगायत शेजाऱ्यांकडे तोच सिरियाळ शेट्टी; बसवण्णांच्या वचनातही त्याचे नाव आहे. तमिळ शैवांच्या नायनार संतांत सिरुत्तोंडरांची कथा हीच. अतिथी होऊन आलेला शंकर मुलाचे मांस मागतो, आणि आईबाप ते रांधून वाढतात.

कथा शेजारी ठेवल्यावर वर्गात मी एकच प्रश्न विचारीत असे: आई कुठे आहे? चांगुणेच्या कथेत आई मध्यभागी आहे. तीच मुलाला जवळ घेते, तीच कापते. शीर आठवण म्हणून लपवून ठेवते, तर अतिथी तेच मागतो. तेही उखळात कांडायचे, डोळ्यांत पाणी न आणता, ओव्या गात. मराठी ऐकणाऱ्या बायकांनी शतकानुशतके या जागी पदर डोळ्याला लावला आहे. शेवटी अतिथी म्हणतो, मुलाला हाक मार. ती हाक मारते आणि चिलया धावत येतो. अब्राहामाच्या कथेत इसहाकाची आई सारा नाहीच. तिला विचारले होते का, सांगितले होते का, काही लिहिलेले नाही. पुढचा अध्याय उघडला की पहिलीच बातमी तिच्या मृत्यूची आहे, आणि जुन्या यहुदी भाष्यकारांनी या दोन गोष्टी एकमेकींना जोडून पाहिल्या आहेत. एका परंपरेने आईचे सगळे दुःख बोलून दाखवले. दुसरीने ते पूर्ण गाळले आणि वाचकाला ते शोधायला लावले.

दुसरा फरक श्रद्धेच्या मुळाशी जाणारा आहे. चिलयाच्या कथेत त्याग पुरा होतो आणि मग देव मूल परत देतो. इसहाकाच्या कथेत देव त्यागाच्या आधी थांबवतो. "देव मागतो का?" या प्रश्नाला दोन समाजांनी इथे दोन वेगळी उत्तरे मनात रुजवली. ख्रिस्ती माणूस हीच कथा पुढे क्रुसाशी जोडतो: अब्राहामाचा मुलगा वाचला, देवाने आपला मुलगा दिला. बेळगावातला आमचा मुसलमान शेजारी बकरी ईदला याच प्रसंगाची आठवण करतो आणि त्याच्या परंपरेत तो मुलगा बहुधा इस्माईल असतो. कथा विश्वास कसा घडवते, हे विचारता ना? असे घडवते. सिद्धांत पाठ करून फार थोडे लोक जगतात. बहुतेकांच्या मनात एखादा बाप, एखादी आई, उचललेला एखादा हात असतो, आणि अडचणीच्या दिवशी माणूस त्याच्याकडे पाहून ठरवतो.

आता मराठी साहित्याकडे. या कथा मराठीत आल्या त्या ओवीच्या दाराने. फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट या कॅथलिक संघातले इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. १६१६ साली तिथल्याच राचोलला त्यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. लिपी रोमन, पण रचना मराठी ओवीत, जवळजवळ अकरा हजार ओव्या. "वो नमो विस्वभरिता । देवा बापा सर्वसमर्था" ही सुरुवात मोठ्याने म्हणा आणि लगेच "ॐ नमो जी आद्या" म्हणा. स्टीफन्सनी नुसते वृत्त घेतले नाही. पुराण ऐकायला बसलेल्या माणसाचे कान त्यांना पाहिजे होते. ग्रंथातच कारण सांगितले आहे: नव्या ख्रिस्ती लोकांना जुन्या पुराणांच्या जागी ऐकायला काही हवे होते. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ती जागा आपोआप रिकामी झाली नव्हती. त्या काळच्या गोव्यात देवळे पाडली गेली होती आणि १५६० पासून धर्मन्यायासन, म्हणजे इन्क्विझिशन, बसले होते. ख्रिस्तपुराणावर माझे अतिशय प्रेम आहे, आणि हे लक्षात ठेवूनच आहे. तुम्हीही दोन्ही एकत्र धरा. एकासाठी दुसरे झाकू नका.

बाबा पदमनजी तर आपल्या गावचे. १८३१ साली बेळगावात जन्म, इथल्याच लंडन मिशनच्या शाळेत शिक्षण, १८५४ साली इथेच बाप्तिस्मा. १८५७ साली त्यांनी यमुनापर्यटन लिहिले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. प्रवासात भेटणाऱ्या विधवांच्या हालांचे त्यात जे निरीक्षण आहे ते आजही अंगावर येते. "विधवेला न्याय द्या" ही बायबलातल्या संदेष्ट्यांची पुन्हा पुन्हा येणारी हाक आहे, आणि ती ऐकलेल्या माणसाने भोवती पाहिले तेव्हा त्याला केशवपन केलेल्या मुली दिसल्या. श्रद्धेने नजर दिली ती अशी. पण तीच श्रद्धा कादंबरीचा शेवटही आधीच ठरवून ठेवते. यमुना ख्रिस्ती होणार आणि मग तिचा पुनर्विवाह होणार, हे चाणाक्ष वाचकाला अर्ध्यावरच कळते. तिथे माणूस मागे पडतो आणि उपदेश पुढे येतो. परीक्षेत हे लिहायला कचरू नका.

याच्या शेजारी लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र, स्मृतिचित्रे, ठेवा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले; लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधली वर्षे फार मोलाची आहेत. नवऱ्यामागे धर्म बदलणारी ती बाई नव्हे. सोवळे-ओवळे, कुणाच्या हातचे पाणी प्यावे, या गोष्टींवर ती स्वतःशी भांडली, आपल्या डोक्याने निकाल लावला आणि मग पुढचे पाऊल टाकले. टिळकांनी सुरू केलेले ख्रिस्तचरित्राचे काव्य, ख्रिस्तायन, ते १९१९ साली गेल्यावर लक्ष्मीबाईंनीच पुरे केले. त्यात ओळीओळीला बायबल आहे. तरी माझ्या मते बायबलाची खरी छाप स्मृतिचित्रांवर जास्त आहे. दारात आलेल्या पोरक्या मुलाला घरात घेणे, आपल्या मोठेपणाला स्वतःच हसणे, कुणालाही कायमचा परका न मानणे, हे सगळे तिथे चूल, भांडी आणि भांडणे यांतून येते. वचनाचा आधार शोधून काढावा लागत नाही.

आणि टिळक स्वतः म्हणत की ते तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. वारकरी घरातल्या तुमच्यासाठी हे वाक्य महत्त्वाचे आहे, कारण तो पूल दोन्ही बाजूंनी चालता येतो. ईयोबाचे पुस्तक घ्या. धनधान्य, गुरे, मुले, एका दिवसात सगळे जाते. ईयोब आधी म्हणतो, परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले. मग मित्र समाचाराला येतात, सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसतात, आणि त्यानंतर तो जे तोंड उघडतो ते जन्माला आलेल्या दिवसालाच शाप देतो. मित्र समजावतात: तुझ्या हातून काही पाप झाले असणार. आपल्याकडेही समाचाराला आलेले लोक प्रारब्ध काढतात, मागच्या जन्मीचे काढतात. ईयोबाजवळ मागचा जन्म नाही. त्यामुळे त्याचा प्रश्न कुठेच टेकत नाही, थेट देवाकडे जातो. देव वादळातून बोलतो, पण उत्तर देत नाही, उलट प्रश्न विचारतो. शेवटी मित्रांवरच रागावून सांगतो, की तुम्ही माझ्याविषयी ईयोबासारखे योग्य बोलला नाहीत.

आता तुकोबा. दुष्काळात धन गेले, मान गेला, बायको अन्न अन्न करीत मेली. आणि पुढे अभंग येतो: "बरें झालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली". हे "बरे झाले" ईयोब कधीच म्हणत नाही. तुकोबा त्याच नुकसानीतून वैराग्याची वाट काढतात; ईयोबाला वाट नको, जाब हवा. मात्र तेच तुकोबा दुसऱ्या अभंगात "माझे लेखीं देव मेला" असेही म्हणून जातात, आणि तिथे दोघे अगदी जवळ येतात. या दोघांपैकी कोण मोठा भक्त, असे विचारू नका. आपल्या भाषेत देवाशी भांडणारा इतका मोठा कवी आधीच होता, म्हणून टिळकांना ख्रिस्ताची भक्ती मराठीत परकी न वाटता लिहिता आली, हे पाहा. तुमच्या प्रश्नाच्या साहित्याच्या भागाला माझे सगळ्यात जवळचे उत्तर हे आहे.

एक कथा मात्र आजोबांजवळ बसून वाचाच: लूकच्या शुभवर्तमानातल्या, म्हणजे लूकने लिहिलेल्या येशूच्या चरित्रातल्या, १५व्या अध्यायातली उधळ्या मुलाची. धाकटा मुलगा बाप जिवंत असताना वाटणी मागतो, पैसा उडवतो, दुष्काळात डुकरे राखतो, परत येतो. बाप धावत जाऊन गळ्यात पडतो, मेजवानी करतो. आमच्या भागात मी ही कथा ज्या ज्या शेतकरी माणसांना सांगितली, त्यांचा पहिला प्रश्न थोरल्याबद्दल आला. तो शेतात राबत होता, त्याचे काय? वाटणीवरून कोर्टात वर्षे घालवलेल्या गावांत हाच प्रश्न येणार, आणि तो अगदी योग्य प्रश्न आहे. कथा तिथेच थांबते. थोरला रागाने दाराबाहेर उभा आहे, बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो आहे, आणि तो आत गेला की नाही हे येशू सांगत नाहीत. आजोबा काय म्हणतात ते ऐका. ते थोरल्याची बाजू घेतील तर घेऊ द्या, मध्ये बोलू नका.

त्यांच्या मनातल्या भीतीबद्दलही बोलायला हवे. वाचले की धर्म बदलतो असे नाही. जन्मभर ज्ञानेश्वरी शिकवून मी ख्रिस्तीच आहे. पण वाचून काहीच बदलत नाही, असे मी त्यांना सांगणार नाही, कारण ते खरे नाही. ज्ञानेश्वरांच्या पसायदानाने माझी प्रार्थना बदलली: दुष्टाचा नाश न मागता त्याच्या वाकडेपणाचा नाश मागावा, हे मी तिथे शिकलो. तुमचेही काही बदलेल. ते कोणत्या बाजूला जाईल हे बाहेरच्या कुणी ठरवू नये, आमच्या पाळकांनीही नाही.

कानडी वाचता येत असेल तर मंजेश्वर गोविंद पै यांचे गोलगोथा वाचा. कोकणी बोलणाऱ्या हिंदू घरातला कवी कानडीत येशूच्या शेवटच्या दिवसावर खंडकाव्य लिहितो, आणि त्याच माणसाने बुद्धाच्या अखेरच्या दिवसावरही लिहिले. बैलहोंगल तालुक्यात देशनूरला जाऊन या. तिथे जेझुइट संन्याशांनी भगवी वस्त्रे घेऊन लिंगायतांच्या विरक्त मठाच्या पद्धतीने राहणी स्वीकारली. कथा भूमीत कशी मुरते हे पुस्तकाबाहेरही दिसते.

वाचनाचा क्रम असा ठेवा. आधी मार्कचे शुभवर्तमान, सोळाच अध्याय आहेत. मग लूक १५. मग उत्पत्तीतला अब्राहाम आणि ३७व्या अध्यायापासून पुढे योसेफाची गोष्ट. स्तोत्रांतले २२ आणि २३ एका बैठकीत, पाठोपाठ, मोठ्याने. ईयोबाचे पहिले तीन आणि ३८पासून शेवटपर्यंतचे अध्याय. आणि रूथ जरूर: चारच अध्याय. परक्या मुलखातली सून विधवा झाल्यावर सासूबरोबर तिच्या गावी येते, "तुझे लोक ते माझे लोक" म्हणते, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून दोघींचे पोट भरते, आणि पुढे दावीद राजाची पणजी होते. कानडी माहेर आणि मराठी सासर असलेल्या बायकांच्या आपल्या मुलखात या पुस्तकावर कुणी नीट लिहिलेले मला अजून वाचायला मिळालेले नाही. प्रबंध करणार असाल तर याचा विचार करा.

आवृत्तीचे म्हणाल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल टिपांसह आहे, सुरुवातीला तेच घ्या. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले, १९२४ साली त्यांच्या पश्चात निघालेले भाषांतर मिळाले तर स्तोत्रे त्यातून वाचून पाहा. टिळक-लक्ष्मीबाईंचे शब्द ताडून पाहायचे असतील तर चर्चमध्ये चालणारे जुने पवित्र शास्त्र जवळचे पडेल. लेवीय आणि गणना ही दोन पुस्तके सध्या सोडून द्या. पहिल्या पानापासून ओळीने वाचत जाऊन तिथे अडकलेले आणि बायबल बंद करून ठेवलेले विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत.